पोथी, पुस्तक आणि पाटी

वाचनाची आवड असलेल्या घरांत अलीकडे एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. रोजच्या वाचनासाठी छापील पुस्तके विकत घ्यावीत, की शेकडो पुस्तके पोटात साठवणारे ई-रीडर नावाचे एकच यंत्र घ्यावे? नोकरीनिमित्त परदेशी गेलेला मुलगा आईवडिलांसाठी असे यंत्र पाठवतो. वडील ते कौतुकाने हाताळतात आणि दोन दिवसांनी कपाटातल्या जुन्या पुस्तकाकडे वळतात. कुणी म्हणतो, पुस्तकांचे दिवस भरले. कुणी म्हणतो, यंत्रावर वाचणे हे वाचनच नव्हे. दोन्ही पक्ष ठाम असतात आणि दोघांनाही इतिहासाची साक्ष काढावीशी वाटत नाही.

ती साक्ष काढावी असे आम्हांला वाटते. कारण ग्रंथाचे रूप बदलण्याची ही पहिली वेळ नाही. यापूर्वी निदान दोन वेळा वाचकवर्ग अशाच उंबरठ्यावर उभा राहिला होता, आणि दोन्ही वेळा त्या घडामोडीत ख्रिस्ती समाजाचा निकटचा संबंध होता. त्यांपैकी एका कथेचे धागेदोरे तर थेट गोव्यापर्यंत आणि आपल्या मराठी भाषेपर्यंत येऊन पोचतात. ई-रीडर हा शब्द वारंवार वापरण्याऐवजी या लेखात आम्ही त्याला ‘पाटी’ म्हणणार आहोत. आकाराने ते शाळेतल्या दगडी पाटीसारखे दिसते. या नावात आणखी एक अर्थ आहे; तो पुढे ओघाने येईल.

गुंडाळीकडून बांधीव ग्रंथाकडे

प्राचीन ग्रीक आणि रोमन जगात ग्रंथ म्हणजे गुंडाळी. पपायरस नावाच्या पाणवनस्पतीपासून तयार केलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून लांब पट्टा करीत, त्याच्या बहुधा एकाच बाजूवर लिहीत आणि तो गुंडाळून ठेवीत. वाचताना दोन्ही हात गुंतत. एका हाताने उलगडायचे, दुसऱ्याने गुंडाळायचे. वाचन संपले की पुढच्या वाचकासाठी सारी गुंडाळी उलट फिरवून ठेवावी लागे. एखादे वचन शोधायचे तर हातभर लांब मजकूर सरकवत जावे लागे. नाझरेथच्या सभास्थानात प्रभू येशूच्या हाती यशया संदेष्ट्याचा ग्रंथ दिला गेला, त्याने तो उलगडून नेमका उतारा काढला, हा संत लूकच्या शुभवर्तमानातील चौथ्या अध्यायातला प्रसंग आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकतो. त्याच्या हाती होती ती अशी गुंडाळी.

पाने एकत्र बांधलेला ग्रंथ, ज्याला लॅटिन भाषेत ‘कोडेक्स’ म्हणतात, तो प्रथम टिपणवहीच्या रूपात रोमन लोकांच्या वापरात आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस मार्शल नावाच्या रोमन कवीने आपल्या कविता चर्मपत्राच्या लहान बांधीव ग्रंथात मिळतात, त्या एका हातात मावतात आणि प्रवासात सोबत नेता येतात, अशी शिफारस केली होती. रोम शहरात कोणत्या विक्रेत्याकडे त्या मिळतील हेही त्याने सांगून ठेवले. आजच्या पाटीची जाहिरातही जवळपास याच शब्दांत केली जाते. तरीही प्रतिष्ठित वाचकांनी पुढे दीर्घकाळ गुंडाळीचीच कास धरली. साहित्य म्हटले की गुंडाळी, आणि बांधीव वही म्हणजे हिशेब नाहीतर कच्चे टिपण, असा त्यांचा समज होता.

ख्रिस्ती समाजाने हा समज मानला नाही. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या दुसऱ्या शतकातील अवशेषांकडे पाहिले तर ग्रीक साहित्य बहुतांशी गुंडाळ्यांवर आढळते, तर ख्रिस्ती पवित्र शास्त्राचे तुकडे जवळजवळ सर्वच बांधीव ग्रंथांतले आहेत. मँचेस्टर येथील जॉन रायलंड्स ग्रंथालयात संत योहानच्या शुभवर्तमानाचा तळहाताएवढा एक तुकडा जपून ठेवला आहे. तो सामान्यतः दुसऱ्या शतकातला मानतात. त्याच्या दोन्ही बाजूंना मजकूर आहे, म्हणजे तो बांधीव ग्रंथाचे पान आहे. ख्रिस्ती लोकांनी हे रूप का स्वीकारले याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. दोन्ही बाजूंना लिहिल्याने खर्च वाचे, ग्रंथ झग्याखाली दडवून नेता येई, चारही शुभवर्तमाने एका बांधणीत मावत, हवा तो उतारा झटकन काढता येई, अशी कारणे दिली जातात. इतर वाचकांत बांधीव ग्रंथाने गुंडाळीची बरोबरी गाठायला इसवी सन ३०० उजाडावे लागले.

या इतिहासातून पहिला धडा मिळतो. ग्रंथावर श्रद्धा असलेल्या आपल्या पूर्वजांनी ग्रंथाच्या जुन्या रूपाला कवटाळून बसण्यात भूषण मानले नाही. सोयीचे साधन दिसताच त्यांनी ते उचलले. म्हणून नवे यंत्र पाहून केवळ नवे आहे यासाठी नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मठाधिपतीची तक्रार

दुसरा उंबरठा जर्मनीतल्या माइन्झ नगरीत आला. १४५५ च्या सुमारास योहान गुटेनबर्गने सुट्या खिळ्यांच्या साहाय्याने लॅटिन बायबल छापून पूर्ण केले. सुमारे १८० प्रती निघाल्या, काही चर्मपत्रावर आणि बहुतेक कागदावर. एक लेखनिक जेवढ्या काळात बायबलची एक प्रत लिहून काढी, त्याहून थोड्या अधिक काळात ही सारी रास तयार झाली.

यावर एका संन्यस्त विद्वानाने हरकत घेतली. श्पॉनहाइम येथील बेनेडिक्टाईन मठाचे अधिपती योहानेस ट्रिथेमिअस यांनी १४९२ साली लेखनिकांच्या स्तुतिपर एक ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, चर्मपत्रावर हाताने लिहिलेला ग्रंथ हजार वर्षे टिकेल. कागदावर छापलेला दोनशे वर्षे टिकला तरी पुष्कळ. शिवाय हाताने लिहिताना मजकूर लेखनिकाच्या अंतःकरणात मुरतो, छापणाऱ्याच्या बाबतीत तसे होत नाही. गंमत अशी की, हा ग्रंथ १४९४ साली छापला गेला, आणि तोही माइन्झमध्येच. छापण्याविरुद्धची तक्रार छापल्याशिवाय लोकांपर्यंत पोचणार नव्हती.

कागदाविषयीचे ट्रिथेमिअस यांचे भाकीत चुकले. गुटेनबर्गच्या बायबलच्या पूर्ण-अपूर्ण मिळून ४९ प्रती साडेपाच शतकांनंतरही अस्तित्वात आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य कागदावरच्या आहेत. परंतु त्यांची दुसरी शंका, म्हणजे साधन बदलले की मजकुराशी असलेले आपले नातेही बदलते ही, इतक्या सहज झटकता येत नाही. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल.

राशोलचा ग्रंथ

आता गोव्याकडे वळू. ६ सप्टेंबर १५५६ रोजी एक छापखाना जहाजातून गोव्यास उतरला. तो खरे तर ॲबिसीनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जाणाऱ्या धर्मगुरूंसोबत निघाला होता. पण गोव्यातच राहिला. येशूसंघाच्या संत पॉल महाविद्यालयात हुआन द बुस्तामांते या बंधूंनी त्याच वर्षी तो चालू केला. भारतातील मुद्रणाचा आरंभ तो हा.

१५७९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातले फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास आले आणि सासष्टी भागात जवळजवळ चाळीस वर्षे राहिले. मराठीवर प्रभुत्व मिळवून त्यांनी सुमारे ११,००० ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले, पण रोमन लिपीत. मराठी ग्रंथ मराठी अक्षरांत छापावा ही त्यांची इच्छा नव्हती असे नाही. १६०८ साली रोममधील आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही उत्कंठा बोलून दाखवली होती. मलबारात स्थानिक लिपीत पुस्तके निघाली, तशी येथेही निघावीत असे त्यांना वाटे. अडचण खिळ्यांची होती. युरोपात २४ साचे पुरत. येथील जोडाक्षरांसह साऱ्या अक्षरांसाठी ६०० लागतील, असा त्यांचा हिशेब होता. ते साचे त्यांच्या हयातीत झाले नाहीत. १६१९ साली ते निवर्तले.

ख्रिस्तपुराणाच्या पुढील आवृत्त्या १६४९ व १६५४ साली निघाल्या. त्यानंतर गोव्याचे वारे फिरले. १६७४ नंतर तेथील मुद्रण थांबले आणि १८२१ पर्यंत थांबलेलेच राहिले. १६८४ साली राजप्रतिनिधीने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. अशा काळात ख्रिस्तपुराणाचे काय झाले? राशोलला छापलेल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. छापलेले सारे गेले.

आणि तरीही ग्रंथ उरला. कारण लोकांनी तो हाताने उतरवून घेतला होता. ज्यांच्या ओठांवर या ओव्या होत्या त्यांनी त्यांची बाडे तयार केली, जपली आणि कानडा प्रांतात स्थलांतर करताना बरोबर नेली. अशा हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ख्रिस्तपुराणाची रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. विल्यम मार्सडन या इंग्रज संग्राहकाच्या ग्रंथांत एक देवनागरी हस्तलिखित लंडनला जाऊन पडले होते. मराठी संतांच्या चरित्रांचे इंग्रजी अनुवाद करणाऱ्या जस्टिन ॲबट यांनी १९२० च्या दशकात ते अभ्यासकांच्या नजरेस आणले. पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, आणि १९९६ साली फादर कारिदाद द्रागो यांनी लंडनच्या हस्तलिखितावरून आणखी एक सिद्ध केली.

या इतिहासाकडे आम्ही पुनःपुन्हा पाहतो, कारण ‘छापील ते चिरंतन’ हा आपला समज तो मोडून काढतो. ख्रिस्तपुराण छापल्यामुळे वाचले नाही. ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत अशा वाचकांच्या घरांत त्याच्या प्रती होत्या, आणि कुणाचीही परवानगी न घेता त्यांना त्या प्रतींवरून दुसऱ्या प्रती करता आल्या, म्हणून ते वाचले. ग्रंथ कशावर लिहिला आहे यापेक्षा तो कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरला.

पाटीचा जन्म

पाटीचा इतिहास अर्धशतकाचाच. १९७१ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या तरुणाने अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकून सर्वांना मोफत उपलब्ध केला. त्यातून ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ हे विनामूल्य ग्रंथभांडार उभे राहिले. १९९७ साली मॅसॅच्युसेट्समध्ये ‘ई इंक’ कंपनी स्थापन झाली. तिच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत विरुद्ध विद्युत्भाराचे काळे व पांढरे कण असतात. वीज दिली की त्यांतले हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटले की ते टिकवण्यासाठी वीज लागत नाही. म्हणून एकदा भारित केलेली पाटी काही आठवडे चालते. २००४ साली सोनी कंपनीने जपानमध्ये असा वाचक-पडदा विक्रीस आणला. १९ नोव्हेंबर २००७ रोजी ॲमेझॉनने ३९९ डॉलर किमतीचे ‘किंडल’ आणले आणि त्यानंतर पाटीचा खरा प्रसार झाला. भारतात या कंपनीचे पुस्तकभांडार २०१२ साली उघडले.

मराठीला मात्र पुन्हा रांगेत उभे राहावे लागले. या यंत्रावर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये रीतसर आणली, म्हणजे पहिल्या किंडलनंतर नऊ वर्षांनी. फादर स्टीफन्स यांना अडवणारी जोडाक्षरे आता धातूच्या साच्यांऐवजी संगणकाच्या लिपिव्यवस्थेत अडचणीची ठरली होती. अर्थात नऊ वर्षे ही गोव्याच्या प्रतीक्षेपुढे काहीच नव्हेत. छापखाना १५५६ साली आला. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत सेरामपूर येथे छापून निघाले १८०५ साली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापले, तेव्हा शाईतील चरबीमुळे लोकांना विटाळाची धास्ती वाटे, म्हणून त्यांनी शाईत तूप वापरल्याचे सांगतात. नव्या साधनाविषयीचा संशय आपल्याकडेही जुनाच आहे.

आजही बाजारात गाजणारी मराठी पुस्तके पाटीवर मिळतात. पण लहान प्रकाशकांची, जिल्ह्याच्या गावी निघालेली, धर्मग्रामाच्या खर्चाने छापलेली पुस्तके बहुधा कागदावरच असतात. जुन्या पुस्तकांची छायाचित्रे काढून केलेल्या प्रती पाटीच्या लहान पडद्यावर धड वाचता येत नाहीत, कारण अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते.

रोजच्या वाचनाचा ताळेबंद

आता व्यवहाराचा हिशेब मांडू. पाटीच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. तिचे वजन साधारण २०० ग्रॅमच्या आसपास. ज्यांची बोटे संधिवाताने आखडली आहेत, ज्यांना जाडजूड ग्रंथ छातीवर धरून वाचता येत नाही, त्यांना ही सोय वरदानासारखी आहे. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आजींना मोठ्या अक्षरांतली पुस्तके शोधत हिंडावे लागत नाही. लोकलच्या गर्दीत एका हाताने वाचता येते. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते, पाने पिवळी पडतात, कसर लागते. पाटीतल्या पुस्तकांना ती भीती नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पाटी आणि मोबाइल यांची गल्लत करू नये. मोबाइल किंवा टॅब्लेटचा पडदा आपल्या डोळ्यांवर प्रकाश फेकतो. २०१४ साली अमेरिकेत १२ जणांवर झालेल्या एका प्रयोगात, निजण्यापूर्वी अशा प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचतानाच्या मानाने झोप उशिरा लागल्याचे दिसले. साध्या पाटीचा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडात वाचायचा असतो; तिच्यात दिवा असला तरी तो मागून न येता पानावर समोरून पडतो. शिवाय मोबाइलवर वाचताना दर दोन मिनिटांनी कुणाचा तरी निरोप टपकतो. साध्या पाटीवर हा उपद्रव नसतो.

ट्रिथेमिअस यांच्या दुसऱ्या शंकेला आधुनिक संशोधनाने काही उत्तरे दिली आहेत. २०१८ साली ५४ अभ्यासांचा एकत्रित विचार करणारा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत मिळून १,७०,००० हून अधिक वाचकांचा समावेश होता. माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर अधिक चांगला उमजतो, वेळेचे बंधन असेल तर हा फरक वाढतो, मात्र कथात्मक मजकुरात तो दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. हा आढावा सर्व प्रकारच्या पडद्यांविषयी होता. खास किंडलविषयीचा एक लहान प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५० वाचकांना २८ पानांची एक रहस्यकथा दिली. निम्म्यांना छापील, निम्म्यांना किंडलवर. आकलन बहुतेक बाबतींत सारखेच निघाले. मात्र कथेतील घटना कोणत्या क्रमाने घडल्या हे छापील पुस्तक वाचणाऱ्यांनी अधिक अचूक सांगितले.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. छापील पुस्तक हातात असताना डाव्या बाजूची पाने वाढत जातात, उजवीकडची घटत जातात. अमुक वाक्य डाव्या पानावर वरच्या कोपऱ्यात होते, हे डोळ्यांप्रमाणे बोटांनाही स्मरते. पाटीवर एकच पान पुनःपुन्हा नवे होते. या एका बाबतीत आपण गुंडाळीच्या युगात परतलो आहोत असे म्हणावयास हरकत नाही.

छापील पुस्तकाचा आणखी एक गुण असा की, ते घरात दिसते. पाटीवर आई संतचरित्र वाचते आहे की पाककृती, हे मुलाला कळत नाही. फळीवरचे पुस्तक मात्र मुलाच्या नजरेसमोर वर्षानुवर्षे उभे असते आणि एखाद्या रिकाम्या दुपारी ते त्याच्या हाती लागते. ३१ देशांतील १,६०,००० प्रौढांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. किशोरवयात ज्यांच्या घरी पुस्तके होती त्यांचे वाचनकौशल्य पुढे अधिक चांगले आढळले, आईवडिलांचे आणि स्वतःचे शिक्षण जमेस धरूनही. पुस्तके नुसती घरात आणून ठेवल्याने मूल विद्वान होते असा याचा अर्थ नाही. पण पुस्तके असलेले घर मुलाला काहीतरी देते एवढे मान्य करावे लागेल.

पुसली जाणारी पाटी

पाटीतल्या पुस्तकाचा मालक कोण, हा प्रश्न अजून राहिला आहे. जुलै २००९ मध्ये दोन घटना घडल्या. पहिली अशी: चौथ्या शतकात चर्मपत्रावर लिहिलेल्या ग्रीक बायबलची, ‘कोडेक्स सिनाईटिकस’ची, पाने लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेला संत कॅथरिनचा मठ अशा चार ठिकाणी विखुरली आहेत. त्या साऱ्या पानांची छायाचित्रे संगणकावर एकत्र करून त्या महिन्यात जगभरच्या वाचकांना खुली करण्यात आली. तुटलेला ग्रंथ निदान दृष्टीपुरता जोडला गेला.

दुसरी घटना त्यानंतर थोड्याच दिवसांनी घडली. जॉर्ज ऑरवेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या कादंबऱ्या ज्या विक्रेत्याने किंडलसाठी विकल्या, त्याच्याकडे हक्क नव्हते, असे आढळून आल्यावर ॲमेझॉनने त्या प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून दूरवरूनच काढून घेतल्या. पैसे परत केले आणि पुढे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर क्षमाही मागितली. पण एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. आपल्या उशाशी असलेले पुस्तक आपण झोपेत असताना कुणी घेऊन जाऊ शकतो. जुलै २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकभांडार बंद केले तेव्हा ग्राहकांनी विकत घेतलेली सर्व पुस्तके वाचता येईनाशी झाली. पैसे येथेही परत मिळाले. ज्यांनी पानांवर स्वतःची टिपणे केली होती त्यांना वर २५ डॉलर देण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने किंडलवर नेण्याची सोय बंद केली.

पाटी या नावातला दुसरा अर्थ हाच. पाटीवर लिहिलेले पुसता येते. यात कुणाचा दुष्टपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. व्यवहाराचे स्वरूपच तसे आहे. दुकानातून आणलेले छापील पुस्तक आपल्या मालकीचे होते. ते शेजाऱ्याला द्यावे, धर्मग्रामाच्या वाचनालयाला भेट द्यावे, त्यावर नाव घालून भाचीच्या पहिल्या ख्रिस्तशरीर संस्काराला द्यावे, मृत्युपत्रात लिहून ठेवावे. कुणी हरकत घेत नाही. अशा भांडारातून पाटीवर घेतलेले पुस्तक बहुधा वाचण्याची परवानगी असते. ती खात्याच्या धन्याला मिळते आणि दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही. ख्रिस्तपुराणाची बाडे उतरवून घेणाऱ्या त्या निनावी लेखनिकांच्या हाती अशी परवानगीवर चालणारी पाटी असती, तर छापखान्यासोबत ग्रंथही बंद पडला असता.

सिनाईच्या ग्रंथाचे उदाहरण मात्र हेही सांगते की, दोष विजेच्या अक्षरांचा नाही. जी प्रत सर्वांना खुली आहे, जिच्या आणखी प्रती करता येतात, ती कागदाइतकीच, कदाचित त्याहूनही अधिक, ग्रंथाचे रक्षण करील.

वाचायचे आणि ठेवायचे

तेव्हा रोजच्या वाचनासाठी काय घ्यावे? आमचे उत्तर असे की, वाचण्यासाठी घ्यायचे पुस्तक आणि ठेवण्यासाठी घ्यायचे पुस्तक असा भेद घरातल्या घरात करावा. प्रवासात वाचून संपवायची कादंबरी, चालू विषयावरचे पुस्तक, एकदाच चाळायचा ग्रंथ, आणि वयोवृद्धांचे सारे वाचन यांसाठी पाटी उत्तम आहे. तिचा संकोच वाटण्याचे कारण नाही. अभ्यासाचा ग्रंथ, ज्याकडे वर्षानुवर्षे परत जायचे आहे तो ग्रंथ, आणि जो मुलांच्या हाती पडावा असे वाटते तो ग्रंथ कागदावर घ्यावा. न्यूझीलंडच्या महागुरूंनी २०१२ साली याच धर्तीची मर्यादा घालून दिली. अभ्यासासाठी आणि तयारीसाठी धर्मगुरूंनी यंत्र जरूर वापरावे, पण वेदीवर मिस्साग्रंथ छापीलच असावा, असे त्यांनी सांगितले.

याखेरीज पुस्तकांचा एक तिसरा वर्ग आहे आणि आम्हांला खरी चिंता त्याची वाटते. आपल्या धर्मग्रामांच्या शतकोत्सवी स्मरणिका, जुन्या प्रार्थनांच्या व गायनांच्या पुस्तिका, बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक, आजीच्या तोंडून कुणी वहीत उतरवून घेतलेली लग्नगीते. हे साहित्य कोणत्याही कंपनीच्या भांडारात नाही आणि तेथे ते कुणी नेणारही नाही. त्याच्या छापील प्रती मोजक्या उरल्या आहेत, आणि घर पाडून इमारत उभी राहते तेव्हा जुन्या ट्रंकेसह त्याही रद्दीत जातात. राशोलच्या तिन्ही आवृत्त्या अशाच कुठल्या कुठल्या ट्रंकांतून नाहीशा झाल्या असतील.

या तिसऱ्या वर्गासाठी पाटी की पुस्तक असा वाद घालायला सवड नाही. जे आहे त्याची पाने कोरडी करावीत, मोबाइलने का होईना त्यांची स्वच्छ छायाचित्रे घ्यावीत, ती एकाच्या खात्यात न ठेवता चार घरांत वाटावीत, आणि जमेल तेव्हा एखादी छोटी आवृत्ती छापून धर्मग्रामाच्या वाचनालयात ठेवावी. ख्रिस्तपुराण उतरवून घेणाऱ्यांपाशी दिव्याचा उजेड, शाई आणि चिकाटी एवढेच होते. आपल्यापाशी त्याहून कितीतरी अधिक साधने आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या घरातली ती ट्रंक एकदा उघडून पाहावी, एवढीच वाचकांना आमची विनंती आहे.